सर्व्हरचे पंखे

दवाखान्याचा डेटाबेस सर्व्हर मधूनच भडकायचा. सीपीयूचा लोड शंभराला टेकायचा, पंखे घोंगावायचे, आणि बघावं तर एकही क्वेरी चालू नसायची.

साहेबांचा फोन आला. "बॅकअपमुळे होतंय, सर," मी ठोकून दिलं. लगेच पंखे घोंगावले.

शेजारच्या टेबलावरून दाक्षायणी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही फोनवर बोललात की चढतोय हा."

साहेबांनी परत फोन करून खोदून विचारलं, तेव्हा मी ओशाळून कबूल केलं, "सर, कारण सापडलेलं नाही." या खेपेला सर्व्हर गप्प राहिला.

दुपारी माढ्याहून आईचा फोन आला. "अप्पांचा रिपोर्ट आला का रं?"

रिपोर्ट मी सकाळीच याच सर्व्हरवर वाचला होता.

"आला की. काय न्हाय, साधी गाठ हाय."

पंखे असे उसळले की आईनं विचारलं, "कसला आवाज हाय त्यो?"

मी फोन ठेवला. मॅडम माझ्याकडेच बघत होत्या. मला मान वर करवेना.

त्या उठून जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "काळजी करू नका. बरे होतील तुमचे अप्पा."

त्यांचं वाक्य संपायच्या आधीच पंखे घोंगावू लागले.