बावीस मिनिटं

केतकीच्या सासऱ्यांनी मिलिंदच्या ताटाशेजारी कागद ठेवला. हप्ता, पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग. बेरीज महिन्याला साडेसात हजार. दोघांचा बसपास अठराशेत होत होता. "मिलिंद, मोटारसायकल कसली, हत्ती बांधलायस दारात. रविवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाक."

मिलिंद खाली मान घालून आमटी ओरपत राहिला. वाढणाऱ्या केतकीने आकडे मनात दोनदा पडताळून पाहिले. प्रयोगशाळेतली सवय. चूक कुठेच नव्हती, फक्त एक रकाना राहिला होता. या दोन खोल्यांत सहा माणसं होती. रोज कामावर जाताना मोटारसायकलवर बावीस मिनिटं ती नवऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून बोलायची. भांडण, लाड, माहेरची आठवण, सगळं तिथंच. पण हे सासऱ्यांना सांगणार कसं?

भाकरी थापणारे सासूबाईंचे हात थांबले. "अहो, तुमची सायकल विका म्हणून मामंजी रोज मागे लागायचे. का नाही विकलीत?"

"भाजी आणायला लागायची."

"मंडई कोपऱ्यावर होती. तुम्ही मला कॅरिअरवर बसवून रंकाळ्याला वळसा घालून न्यायचात. घरात बोलायला जागा कुठे होती आपल्याला?"

सासऱ्यांचे कान लाल झाले. त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली.

"सावकाश चालवत जा रे," ते ताटाकडे बघत मिलिंदला म्हणाले. "इतक्या लवकर पोचायची घाई कसली असते?"

केतकीने सासूबाईंपुढची परात आपल्याकडे ओढली आणि त्यांना जेवायला बसवलं.