आर्वीडची जागा

आर्वीड यायच्या आधीच विषय काढायचा, असं राग्नीने ठरवलं होतं. तो चर्चमध्ये कुणाच्या तरी अंत्यविधीला ऑर्गन वाजवत होता. आर्वीड वाजवणार म्हणजे मेलेलाही कंटाळणार, तेव्हा वेळ भरपूर होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोंगरांचा नकाशा पसरला होता. कडेला कॉफी, वाफल, तपकिरी चीज. दर एप्रिलला तो नकाशा याच टेबलावर उघडायचा. खिंडीत अजून घरापेक्षा उंच बर्फ असायचा, पण जूनमधल्या मोटरसायकल-सफरीचं बोलणं आत्ताच व्हायचं. पूर्वी पाच जण असायचे, खुर्च्या शेजारून आणाव्या लागायच्या. त्यातले दोघे आता चर्चमागच्या गवताखाली होते. उरले तिघे: राग्नीचा नवरा हालस्टाइन, गावची म्हातारी सुईण तूरिड आणि हा आर्वीड.

सफरीत तूरिडची गाडी सगळ्यांच्या पुढे असायची. ते राग्नीला मान्य होतं. निम्मं गाव जिच्या हातावर जन्मलं, तिच्या पुढे कोण जाणार? तिच्या लगेच मागे हालस्टाइन. आणि शेवटी आर्वीड. पाच जण होते तेव्हाही शेवटीच.

सफर संपवून मंडळी अंगणात शिरायची तेव्हा राग्नी खिडकीत उभी असायची. तूरिड यायची, हालस्टाइन ऐटीत यायचा, आणि सगळे गाड्यांवरून उतरले की मग फाटकाशी आर्वीडचं इंजिन ऐकू यायचं. गुडघे चिखलाने भरलेले, हातमोजे फाटलेले. पडला असणार कुठेतरी, असं राग्नी म्हणायची आणि हालस्टाइन हसायचा. हालस्टाइनच्याही जॅकेटला कधीकधी चिखल असायचा. मित्राला उठवायला गेला असेल. तो मनाचा मोठा होता.

आर्वीडच्या गाडीवर दोर, हत्यारांची पिशवी आणि कसल्याकसल्या सुट्या भागांची गाठोडी लटकलेली असत. एवढं ओझं वाहतोस म्हणूनच मागे पडतोस, असं राग्नीने त्याला एकदा सुनावलं होतं. तो म्हणाला, असेल. त्या माणसाला धड उलट उत्तरही देता येत नव्हतं.

गेल्या वर्षी तर त्यांची फ्योर्डवरची, डोंगरांमधल्या त्या लांब खाडीवरची, शेवटची फेरी बोट चुकली. हालस्टाइनने घरी आल्यावर एवढंच सांगितलं, की आर्वीड वळणावर थांबला होता. राग्नीला तेवढं पुरलं.

या जूनमध्ये हालस्टाइन सत्तर वर्षांचा होणार होता. वाढदिवसाला सोग्नेफ्येलच्या खिंडीत उभं राहायचं, हे तो वर्षभर बोलत होता. संध्याकाळी खाली फ्योर्डकाठच्या हॉटेलात राग्नी, लेक आणि नात केक घेऊन थांबणार होत्या. टेबल ठरलं होतं. असला दिवस ती आर्वीडच्या हाती देणार नव्हती.

"या वेळी आर्वीड नको," ती म्हणाली.

तूरिडने हातातला वाफल खाली ठेवला आणि कारण विचारलं. राग्नीने एक नव्हे, वीस वर्षांची कारणं सांगितली. गारांचा पाऊस झाला ते वर्ष, मेंढ्या आडव्या आल्या ते वर्ष, बोट चुकली ते वर्ष. नात केकवर मेणबत्त्या लावून बसणार आणि ही दोघं त्या गोगलगाईची वाट बघत खिंडीत गारठणार, हे काही तिला चालणार नव्हतं.

तूरिड तिच्याकडे बघतच नव्हती. "तुझं काय म्हणणं, हालस्टाइन?"

हालस्टाइन चीजच्या पातळ चकत्या काढत होता. चकत्या पुरेशा झाल्या होत्या, तरी काढत होता.

"तिघांपेक्षा दोघं लवकर पोचतील," तो म्हणाला. "तिचं म्हणणं अगदीच चूक नाही."

नक्की का, असं तूरिडने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा त्याने चीजकडे बघत मान हलवली.

मग आर्वीड आला. काळे कपडे, दारातच बूट काढलेले, चेहरा नेहमीसारखाच धुतल्या बशीगत कोरा. आडून बोलणं राग्नीला भेकडपणा वाटायचा. त्याने पहिला घास घेतला तोच तिने तोंडावर सांगून टाकलं, की या वर्षी त्याला न्यायचं नाही असं ठरलंय, त्याच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, आणि उगाच वाईट वाटून घेऊ नये.

आर्वीडने हालस्टाइनकडे पाहिलं. हालस्टाइनने नकाशाकडे पाहिलं.

"बरं," आर्वीड म्हणाला.

त्याने वाफल पूर्ण संपवला, छान झालाय म्हणाला, बूट घातले. दारातून त्याने हालस्टाइनला सांगितलं, की वळणावर चाकाखाली बघायचं नसतं, वळण संपतं तिकडे बघायचं. राग्नीला हसू आवरेना. जन्मभर शेपटाला राहिलेला माणूस पुढच्याला शिकवत होता.

फाटक लागल्याचा आवाज आला. कित्येक वर्षांची घाण एकदाची निघाल्यासारखं राग्नीला वाटलं. तिने सगळ्यांना पुन्हा कॉफी ओतली. आर्वीडच्या कपातली उरलेली सिंकमध्ये ओतून दिली.

तूरिड नकाशाची घडी घालत होती.

"अगं, मुक्कामांचं ठरायचंय अजून," राग्नी म्हणाली.

तूरिडने घडीवर हात दाबून ती नीट बसवली.

"सगळ्यात कच्चा असतो त्याला मी माझ्या लगेच मागे ठेवते, राग्नी, आणि सगळ्यात पक्का असतो त्याला शेवटी. दर वर्षी वळणावर गाडी पाडायचा तो हा हालस्टाइन, आणि मागून येऊन उचलायचा तो आत्ता तू घालवलास. केक इथेच काप, तुझा नवरा घरीच आहे."