उन्हाची तक्रार

साहेबांनी पत्र्याच्या भिंतीवरचा थर्मामीटर काढून पाहिला. पारा एकशे बारा फॅरनहाइटवर होता. मुंबईच्या एका कंपनीचा हा प्रकाशा गावाजवळचा, कापसातली सरकी काढणारा जिनिंग कारखाना. चौदा बायका चौदा जिनांत हातानं कापूस घालत होत्या. वैशाखात दुपारनंतर काम निम्म्यावर का येतं, ते बघायला कंपनीचे साहेब आले होते.

एकाच जिनाचं काम घटत नव्हतं. ते खिडकीजवळचं. तिथं भुरीबाई बसायची आणि तापीवरचा वारा तिला लागायचा. रेवाबाई सहा वर्षं तापल्या पत्र्याला लागून बसत होती. भुरीबाईच्या हाताचं कुणी कौतुक केलं, की रेवाबाईचा जळफळाट व्हायचा. "तठे बसाले भेटनं तं कोनीबी करी," ती म्हणायची.

साहेबांनी आधी भुरीबाईला विचारलं.

"ऊन काय नवं शे, साहेब? काम होस," ती म्हणाली.

रेवाबाईला आयुष्यात कधी भोवळ आली नव्हती. तरी ती कपाळ धरून पुढं झाली. "मन्हा जीव घाबरस, साहेब. रोज दुपारले डोयासपुढे अंधारी येस." आता खिडकी आपलीच, असं धरून ती संध्याकाळी घरी गेली.

साहेबांनी मुंबईला कळवलं: खिडक्या वाढवल्या तर रुई उडेल, उन्हाळा तर दरवर्षी येणारच, त्यापेक्षा यंत्र आणावं. दिवाळीनंतर बायका हंगामाला आल्या तेव्हा जिनांवर कापूस आपोआप सोडणारा पट्टा बसला होता. त्याच्यावर नजर ठेवायला एकच बाई पुरे होती.

कारखान्याच्या मॅनेजरनी रेवाबाईचं नाव घेतलं. बाकीच्या तेरा जणी कापूस वेचायला शेतांच्या वाटेला लागल्या. भुरीबाईची पाठ दिसेनाशी होईपर्यंत रेवाबाई दारात उभी होती. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा जीव थंड झाला. एवढ्या जणींतून आपणच वरचढ ठरलो.

"साहेबले मन्हंच काम पसंद पडनं ना?" तिनं मुद्दाम विचारलं.

"नाही, रेवाबाई," मॅनेजर म्हणाले. "साहेबांनी भुरीबाईलाच ठेवायला सांगितलं होतं. तीच सकाळी येऊन म्हणाली, 'रेवाले ठेवा. तिले ऊन सहन होत नही.'"