बेवारस हात

"हा हात माझा नाही," ते तिसऱ्यांदा म्हणाले. जीभ जड झाली होती, पण सूर ठाम होता. उजव्या हाताने त्यांनी आपलाच डावा हात उचलला आणि खाटेच्या कडेला नेऊन ठेवला. "कुणीतरी विसरून गेलंय. आधी नोंद करा."

बायको पायथ्याशी उभी होती. तासाभरापूर्वी दाढी करता करता त्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि डावं अंग लुळं पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यावर दाखवलं: मानेतली उजवी रक्तवाहिनी जवळजवळ बंद, वर मेंदू उपाशी. जांघेतून बारीक नळी वर न्यायची आणि बंद जागी रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, उघडायची. उशीर झाला तर हात गेला, कदाचित माणूसही. मेंदूच्या या भागाला मार बसला की कधीकधी माणसाला आपलं अंग आपलं वाटत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

बायकोने सही केव्हाच केली होती. पण यजमान पडून राहीनात. आपण ठणठणीत आहोत, ज्याचा हात त्याला झोपवा, असं म्हणत ते उठू बघत. हलत्या मानेत जाळी बसवता येत नाही, आणि भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सिस्टरने दटावलं, बोटातली अंगठी दाखवली. अंगठी ओळखीची आहे, म्हणाले, म्हणजे हा इसम चोरही दिसतो.

बायकोने कपाळाला हात लावला. या माणसाने एकतीस वर्षं बस स्थानकावरच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत काढली होती. कवळ्या, छत्र्या, एकदा तर कुणाची कुबडी. कुणाचं तरी शिवणयंत्र सहा महिने पडून होतं, तर दर शनिवारी त्याला तेल घालायचे. घरचं यंत्र मात्र वर्षानुवर्षं कुरकुरत होतं.

ती उशाशी आली.

"अहो, बरोबर आहे तुमचं. हात परक्याचा. पण सापडला तुमच्या खाटेवर, म्हणजे ताबा तुमचा. आणि त्याला रक्त जातंय तुमच्या मानेतून. मालक येईपर्यंत तो खराब झाला, तर जाब कोण देणार?"

ते विचारात पडले. किती वेळ पडून राहावं लागेल, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. अर्धा तास, त्या म्हणाल्या. मग वेळ कसला घालवताय, असं त्यांनाच सुनावून ते ओंडक्यासारखे निश्चल झाले.

जाळी उघडली. पडद्यावर रक्तात सोडलेल्या रंगाची एक काळी रेघ मानेतून वर सरकली आणि झाडाला फांद्या फुटाव्यात तशी मेंदूभर पसरली. थोड्या वेळाने करंगळी हलली. मग अंगठा. त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि ओशाळून पांघरुणात घातला.

दुसऱ्या दिवशी त्याच हातात कप धरून ते पाणी पीत होते. थोडं सांडत होतं. आदल्या दिवशीचं त्यांना सगळं आठवत होतं. विचारायचं नाही असं ठरवूनही बायकोने विचारलं, हात आपलाच आहे हे तेव्हा पटलं असतं, तर इतके मुकाट पडून राहिला असतात ना?

"छे," ते म्हणाले. "महिनाभर मुंग्या येत होत्या त्याला, बोललो का कुणाला? स्वतःच्या हातासाठी एवढ्या लोकांना कोण त्रास देतं?"