खरी आई

“ओठ जुळतायत वसुधाताई, पण आई वाटत नाहीये,” काचेपलीकडून परेश म्हणाला. “पोरगा गोळ्यांच्या नशेत निपचित पडलाय. खरी आई गल्ली गोळा करेल.”

परदेशी मालिकेचं मराठी डबिंग चाललं होतं; वसुधा त्यातल्या आईला आवाज देत होती आणि परेश ते करून घेत होता. पडद्यावरची आई खरंच रस्त्यावर धावली होती. वसुधाला परवा तिचा स्वतःचा मुलगा ओजस न्हाणीघरात तसाच सापडला, तेव्हा तिने आधी खिडकी लावून घेतली. अपघातानंतर दुखण्यावर दिलेल्या गोळ्या त्याला सुटत नव्हत्या. शेजाऱ्यांना तिने कावीळ सांगितली होती. समोरच्या काकू रोज उसाचा रस आणून देत, आणि ती तो मुकाट्याने घेई.

“परत घेऊ. जीव तोडून,” परेश म्हणाला.

“कुणीतरी या हो, माझा मुलगा गोळ्यांपायी मरतोय,” ती माइकवर ओरडली आणि वाक्य संपल्यावरही हुंदके देत राहिली. स्वतःचं म्हणून हे तिने पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं होतं, बाहेर चकार शब्द जाऊ नये म्हणून बांधलेल्या खोलीत.

परेशने अंगठा वर केला. “वा ताई, काटा आला अंगावर. आता चहा घ्या, घसा जपा. जेवण झालं की पोरगा मरतो तो सीन करू.”