बरणीखालचा गुलाब

"बाबा, बरणी कुणी हलवली?"

लेकीनं अजून चपलाही काढल्या नव्हत्या. ती व्हरांड्यातल्या कुंडीपुढं उकिडवी बसली. उपड्या घातलेल्या काचेच्या बरणीखाली गुलाबाची एक काडी होती, तिला दोन अर्धी छाटलेली पानं. बाकीच्या काड्या कधीच काळ्या पडल्या होत्या. बरणीच्या काठाचे मातीत दोन-तीन गोल उमटले होते, ते लेकीनं बरोबर हेरलं.

"मी कशाला हलवू?" बाबा म्हणाले आणि उगाच चष्मा पुसायला लागले.

जावई गाडी घेऊन हॉस्पिटलात गेले होते. बाबांची बायको आता कुठल्याही क्षणी घरी येणार होती. महिनाभर तिथं पडल्या पडल्या ती रोज फोनवर एकच विचारायची, "गुलाबाला पाणी घातलंत ना?" आणि बाबा रोज सांगायचे, "घातलं गं बाई, घातलं." फाटकाजवळचं ते गुलाबाचं झुडूप पाइपलाइनवाल्यांनी मुळासकट उपटून टाकलं होतं, लेकीनं त्याच्याच काड्या छाटून कुंडीत लावल्या होत्या, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की मनाला लागेल असं काही तिच्या कानावर घालू नका. मग काय, बाबांनी थापांचा सपाटाच लावला.

लेक नर्सरीत कामाला. येताना तिनं तसल्याच गुलाबी रंगाचं, फुलांनी लगडलेलं एक रोप आणलं होतं.

"हे फाटकाजवळ लावून टाकू. आजारपणातून उठलीय, तिला एवढं कळणार नाही."

"तिला? अगं, माझ्या शर्टाचं बटण बदललं तरी तिला कळतं!"

"मग काय, ही काडी दाखवणार? ही जगलीय की नुसती हिरवी राहिलीय, कुणाला माहीत." लेकीचा आवाज चढला. "किती वेळा सांगितलं बाबा! मूळ नाही म्हणजे खालून पाणी नाही. आणि पानं तर पाणी सोडतच राहतात, त्यांच्या पाठीला बारीक बारीक तोंडं असतात. म्हणून पानं छाटली, म्हणून वर बरणी घातली. आतली ओल आतच राहिली तर ती तगणार. सारखं उघडून बघायला ते काय गॅसवरचं दूध आहे?"

बाबांना खोटं बोलण्याचाच आता कंटाळा आला होता.

"उघडली," ते म्हणाले. "रोज सकाळी उघडली. राहवत नाही गं. रात्रभर वाटत राहतं, गेली असेल."

"रोज?"

"आणि पुसली पण."

"काय पुसलंत?"

"पानं. तूच म्हणालीस ना, ओली राहिली तर कुजतील म्हणून. मी रुमालाच्या टोकानं, अगदी अलगद..." उभा जन्म बसचं स्टेअरिंग फिरवलेल्या जाडजूड बोटांनी त्यांनी हवेतच पुसून दाखवलं.

लेकीनं कपाळाला हात लावला. "आख्खं पान ओलं असायचं?"

"छे, नुसती कड. पानाला दाते असतात ना, त्या दर दात्यावर एकेक थेंब. ओळीनं मांडल्यासारखे. पुसले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! आधी नव्हतं हं असं, चार-पाच दिवसांतलंच आहे."

आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून बाबा मान खाली घालून उभे राहिले. पण लेक बरणीवर वाकली.

"मधे कुठंच नाही? नुसत्या दात्यांवर?"

"नुसत्या दात्यांवर. का गं, रोग आहे का काही?"

तिनं स्वतःच बरणी काढली. दोन बोटांत काडी धरून अगदी हलके वर ओढून पाहिली. काडी आली नाही. बुडाची माती तेवढी किंचित हलली.

"बाबा, बरणीची वाफ पानावर कुठंही बसते. दात्यांवर ओळीनं येतं ते पाणी आतलं. रात्री पानांची तोंडं मिटलेली असतात आणि खालून मूळ पाणी वर ढकलत राहतं, मग ते कडेनं बाहेर पडतं. मूळ नसलेल्या काडीला हे जमत नाही."

बाबा कुंडीपुढं उकिडवे बसले.

"म्हणजे जगलीय?"

"जगलीय. तुम्ही एवढे हात लावूनसुद्धा!" लेक हसता हसता डोळे पुसायला लागली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. बाबा उठले. "ते फुलांचं परत ने," असं म्हणत त्यांनी बरणी पुन्हा घातली, कुंडी छातीशी धरली आणि तसेच फाटकाकडे निघाले.

बायको जावयाच्या खांद्याला धरून उतरत होती. किती वाळली होती! तिनं आधी फाटकाजवळची सपाट केलेली माती पाहिली, मग बाबांच्या हातातली कुंडी.

"अगं, आपला गुलाब... ते पाइपवाले..." बाबांनी कुंडी पुढं केली.

ती जवळ आली. वाकून काचेतून बराच वेळ बघत राहिली.

"पानं छाटलीत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण उन्हात काय घेऊन उभे राहिलात? मी येते हळूहळू. तुम्ही आधी याला आत न्या."