प्रार्थनेचा विषय

"अक्का, काल तू चोपडाले गई व्हती ना? स्टँडवर कोण कोण भेटनं?" रत्नाने विचारलं आणि तानुबाईच्या ओट्यावरची सगळी लाटणी एकदम थांबली.

उडदाचे पापड लाटायला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. हात कामात आणि कान मोकळे, अशा बैठकीत प्रमिलाबाई असल्या की मग काय विचारता! त्या चोपड्याला गेल्या आणि बातमी न घेता परतल्या, असं कधी झालंच नव्हतं.

कालही झालं नव्हतं. स्टँडवर त्यांना दिसली ती तानुबाईची सून, कामिनी. मांडीवर बॅग, डोळ्यांना ओढणी. तिचं माहेर धुळ्याला, देवपुरात. धुळ्याची गाडी लागली, भरली, निघून गेली, पण पोरगी जागची हलली नाही. शेवटी नळावर तोंड धुऊन ती गावाच्या गाडीत चढली आणि मुकाट सासरी परत आली. चढताना तिने प्रमिलाबाईंना पाहिलं होतं.

घरी मात्र ती औषध आणायला जाते असं सांगून गेली होती. आता समोरच पोळपाटावर मान घालून तोच पापड पुन्हा पुन्हा लाटत होती. तानुबाई तशी वाईट नव्हती. पण सून बॅग भरून निघाली होती, हे एकदा तिच्या कानावर गेलं असतं तर पोरीला तिने जन्मभर ऐकवलं असतं.

प्रमिलाबाईंच्या जिभेच्या टोकावर सगळं येऊन बसलं होतं. प्रभू येशूच्या मार्गाला लागल्यापासून त्यांची तंबाखू गेली, शिव्या गेल्या, जावेशी धरलेला अबोलासुद्धा गेला. जीभ काही ताब्यात येईना. दर रविवारी प्रार्थनासभेत रडून माफी मागायच्या आणि सोमवारी पुन्हा नळावर सुरू. बरं, सभेतही सुटका नव्हती. लोकांच्या घरातली भांडणं त्या तिथे प्रार्थनेचा विषय म्हणून मांडत, नावागावासकट. पाळकसाहेब डोळे मिटायचे आणि लोक कान टवकारायचे.

"सांग ना वं, अक्का!"

'येशू, मन्हं तोंड धर,' प्रमिलाबाई मनात म्हणाल्या. आणि काहीच सुचेना, तेव्हा समोरची पापडाची लाटी उचलून त्यांनी तेलात बुडवली आणि अख्खी तोंडात कोंबली.

कच्चा उडीद टाळूला चिकटला. रत्नाने त्यांचा घास उतरेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा विचारलं. प्रमिलाबाईंनी दुसरी लाटी उचलली.

"कोणीतरी पोरगी रडी ऱ्हायनी व्हती म्हणे तठे," रत्नाने हळूच खडा टाकला.

आता मात्र कठीण झालं. इतकी ताजी बातमी, सगळ्या बाया तोंडाकडे बघतायत, आणि सांगणारी एकटी आपणच! कामिनीचं लाटणं थांबलं. प्रमिलाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन लाट्या एकदम गालांत भरल्या.

तानुबाई कडाडली, "पापड लाटाले उनी शे का खावाले? मन्हं पीठ सरी जाई ना!"

"भूक लागनी शे, माय," प्रमिलाबाई भरल्या तोंडाने कशाबशा म्हणाल्या.

बाया खो खो हसल्या. तानुबाईही हसली. कामिनीने मान वर न करता तेलाची वाटी हळूच प्रमिलाबाईंकडे सरकवली आणि पुढचा पापड लाटायला घेतला. रत्ना कंटाळून कोणाच्या तरी म्हशीबद्दल बोलू लागली.

प्रमिलाबाईंचं तोंड मिऱ्यांनी पोळलं होतं, पोट उडदाने तट्ट फुगलं होतं आणि आतून त्यांना नाचावंसं वाटत होतं. बाप्तिस्म्याच्या दिवशीही त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. चोपड्याच्या सभेत गाणी झाली आणि पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाचा प्रार्थनेचा विषय आहे का?"

सवयीने सगळ्यांच्या माना प्रमिलाबाईंकडे वळल्या. त्या उभ्या राहिल्या. त्यांचे मालक, वनाभाऊ, आधीच कपाळाला हात लावून बसले.

"एक पोरगी शे. तिनं मन भलतं दुखेल शे. तिनाकरता प्रार्थना करा."

"अवश्य करू. नाव काय तिचं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने पुढे वाकून कानामागे हात धरला. प्रमिलाबाईंनी तोंड उघडलं. इथे लाटी नव्हती, तेल नव्हतं. क्षणभर त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"नाव प्रभूले ठाऊक शे," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पाळकसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "हालेलुया!" ते इतक्या जोरात ओरडले की वनाभाऊ दचकून उभेच राहिले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, आणि डोळ्यांत पाणी आलेल्या प्रमिलाबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

त्या रविवारी सभेतून गावोगाव एकच बातमी गेली, आणि ती खुद्द प्रमिलाबाईंची होती.